उणीव या शब्दाला आमची हरकत

त्या माणसाने पहिल्या दहा मिनिटांत ‘पूरक’ हा शब्द अकरा वेळा उच्चारला. मी मुद्दाम मोजले नाही. तीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधन केले की कान आपोआप खुणा करत जातो. लोकांच्या चुका काढून पोट भरणारा माणूस मी, मला रविवारीसुद्धा सुट्टी नसते. “आम्ही स्थानिक मंडळीला पर्याय नाही, आम्ही मंडळीला पूरक आहोत,” असे म्हणून त्याने गळ्यातले ओळखपत्र सरळ केले, जणू आम्ही ते मागितले होते. मी मनात त्याचे नाव पूरकराव ठेवले. आठवड्याभरात सगळे त्याला तेच म्हणू लागले, यात माझा दोष नाही.

उपासना संपल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही पाच जण बसलो होतो. आमच्या बाजूने पाळकसाहेब, वडील मंडळाचे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांचे, अध्यक्ष हेडमास्तर आणि चिटणीस म्हणून मी. हेडमास्तर निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, पण त्यांना अजून समोरच्या प्रत्येकाचा हात शाईने माखलेला दिसतो. पलीकडे पूरकराव, आणि त्यांच्याबरोबर एक साठीची बाई, कॅनव्हासचे बूट घातलेली. ती आयुष्यभर परिचारिका होती, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणत. भिंतीवर लावलेली आमची आजाऱ्यांची यादी ती सावकाश वाचत होती.

त्यांच्या संस्थेचे काम असे. ज्या घरात वर्षानुवर्षे कुणी अंथरुणाला खिळून आहे, तिथे यांची शिकलेली माणसे जाऊन बसतात, म्हणजे घरच्यांना बाहेर पडता येते. दरम्यान मंडळीतल्या लोकांनाही ते हे काम शिकवतात, आणि मंडळी स्वतः करू लागली की निघून जातात. नियम एकच: स्थानिक मंडळीचे पत्र असल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाही. “आम्ही कुणाची मेंढरं पळवत नाही,” पूरकराव हसून म्हणाले. आमच्याकडे एकशे वीस खुर्च्या आणि चाळीस मेंढरे. पळवण्यासारखे काही असते तर आम्हीच पळवले असते.

पत्राचा मसुदा त्यांनी छापूनच आणला होता. ‘आमच्या मंडळीत दीर्घकाळ आजारी असलेल्यांच्या घरी प्रत्यक्ष सेवेची उणीव आहे. ती भरून काढण्यास आम्ही आपल्या संस्थेला निमंत्रण देत आहोत.’ खाली तीन सह्यांसाठी जागा.

मी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि ‘उणीव’ या शब्दाखाली रेघ मारली.

ती रेघ मी का मारली हे विचाराल तर सवय म्हणून. पण हेडमास्तरांनी ती पाहिली आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. या मंडळीला नव्वद वर्षे झाली, ते म्हणाले, आणि काल जन्मलेली संस्था आम्हाला उणीव दाखवणार? पाळकसाहेबांनी, जे कुठल्याही वादात शेवटी बोलणाऱ्याशी सहमत असतात, मान डोलावली. विषय पुढच्या बैठकीवर गेला. आमच्यात चर्चला मंडळी म्हणतात, आणि मंडळी जमली की आधी गप्पा आणि मग पुढची तारीख.

आता खरी गोष्ट सांगतो, कारण ती न सांगता मी शहाणा दिसेन. यादीत दुसऱ्या क्रमांकावर जे नाव होते ते माझ्या भाऊजींचे, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचे. सुतार माणूस. मंदिरातला, म्हणजे आमच्या चर्चच्या इमारतीतला, वेदीचा कठडा त्यांनी केलेला. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलण्यातला एकच शब्द उरला, ‘बरं’. भूक लागली तरी बरं, दुखले तरी बरं. पाळकसाहेबांनी एकदा त्यांना विचारले, तुमचा विश्वास दृढ आहे ना? ते म्हणाले, बरं. पाळकसाहेबांनी त्यावर पुढच्या रविवारी अर्ध्या तासाचे प्रवचन केले.

नव्वद किलोच्या या माणसाला तीन वर्षे ताई एकटी उठवते, पुसते, भरवते. मुलगी लांबच्या शहरात, तिच्या कडेवर सहा महिन्यांचे बाळ. मी सडाफटिंग, दोन गल्ल्या सोडून राहणारा. मी दर रविवारी दुपारी जायचो. चहा प्यायचो, भाऊजींना वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका वाचून दाखवायचो आणि अर्ध्या तासाने उठायचो. मंडळीत कुणी विचारले की सांगायचो, मी दर आठवड्याला जातो.

ताईला काचबिंदू झाला होता. डाव्या डोळ्यातला दाब थेंबांनी आवरेना. डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची एकोणीस तारीख दिली आणि सांगितले की यात गेलेली नजर परत येत नाही, फक्त उरलेली वाचवता येते, तेव्हा तारीख चुकवू नका. ऑपरेशननंतर पंधरा दिवस वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही. ताईने दोन तारखा आधीच सोडल्या होत्या, कारण भाऊजींना उचलणार कोण? पूरकरावांच्या संस्थेबद्दल तिने कुणाकडून तरी ऐकले होते. त्या दुपारी तिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, सह्या झाल्या का. मी म्हणालो, होतील, जरा शब्द बघायचे आहेत. ती म्हणाली, बघ हो, तुला कळतं त्यातलं.

पुढची बैठक एकोणीस तारखेच्या नऊ दिवस आधी झाली. सिस्टर एकटीच पत्र न्यायला आली होती. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली आणि आम्ही तिच्यादेखत दीड तास शब्दाचा कीस पाडला.

‘उणीव’ तर नकोच. पाळकसाहेबांनी ‘मर्यादा’ सुचवला. मी म्हणालो, मर्यादा म्हणजे अब्रूसुद्धा, ‘आमच्या मंडळीत मर्यादा आहे’ असा वेगळाच अर्थ निघेल. ‘गरज’ म्हटले तर भिकाऱ्यासारखे वाटते. ‘सेवेस अधिक वाव आहे’ असे मी सुचवले आणि स्वतःवर खूश झालो, कारण त्या वाक्याला काहीच अर्थ नव्हता. पण तोवर हेडमास्तर पूरकरावांच्या शब्दाकडे वळले होते. पूरक म्हणजे तरी काय, ते म्हणाले. पूरक म्हणजे पुरवणी. आम्ही काय अपुरे आहोत म्हणून आम्हाला पुरवणी जोडायची?

तेव्हा सिस्टर पहिल्यांदा बोलली.

“सर, तुम्ही किती वर्षं परीक्षा घेतल्यात?”

“अडतीस.”

“मुलं पुरवणी केव्हा मागतात?”

“मूळ उत्तरपत्रिका भरली की,” हेडमास्तर म्हणाले. अडतीस वर्षांची सवय, उत्तर तोंडातून निघून गेले.

“मग तुमची मूळ उत्तरपत्रिका बघू या. या दोन नंबरच्या घरी तीन वर्षांत कोण कोण गेलं आणि काय केलं?”

आम्ही आठवू लागलो. पाळकसाहेब दर तीन महिन्यांनी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेऊन जात, वीस मिनिटे. हेडमास्तर एकदा गेले होते, आजार नवा असताना. बायकांनी पहिले दोन महिने डबे दिले. मी माझे रविवार सांगितले. दर रविवारी नाव वाचून प्रार्थना होते, हे पाळकसाहेबांनी जरा मोठ्याने सांगितले.

“छान,” सिस्टर म्हणाली. “त्यांची कूस कुणी बदलली?”

पाळकसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिले. मी टाचणी शोधू लागलो. टाचणीचे तिथे काही काम नव्हते.

चांगल्या माणसांना अशा वेळी शरम वाटते. आम्हाला राग आला. हेडमास्तर उठून म्हणाले की आपले आजारी आपण सांभाळू, बाहेरच्यांनी येऊन शिकवायची गरज नाही. पाळकसाहेब शेवटचे बोलणे ऐकून सहमत झाले. पंधरा दिवस, रोज तीन पाळ्या, प्रत्येक पाळीला दोघे, अशी योजना तिथल्या तिथे ठरली. सिस्टर म्हणाली, पत्राशिवाय मी त्या घरात येऊ शकत नाही, पण इथेच एखाद्या बाकावर तासभर दाखवते, कुणालाही झोपवा. तेव्हा मी जे बोललो ते आजही मला शब्दशः आठवते, आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

“माणसाला कुशीवर वळवायला काय पदवी लागते?”

तिने मसुद्याचा कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि गेली.

पाळ्यांचा तक्ता मी स्वतः छापखान्यात जुळवला. चौदा पॉइंटचा ठसठशीत टाइप, भोवती दुहेरी चौकट, वर एक वचन, ‘एकमेकांची ओझी वाहा’. साठ प्रती काढल्या. मंदिराच्या दारात लोक तो हातात घेऊन म्हणत होते, वा, काय देखणा झालाय. खरोखरच देखणा होता. ताईने तो स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवला आणि डॉक्टरांना फोन करून सांगितले की यावेळी नक्की येते.

पहिली पाळी हेडमास्तरांची आणि माझी. एकोणीस तारखेला सकाळी साडेसातला आम्ही पोचलो. ताईने दहा मिनिटांत सगळे सांगितले: चादर कुठे, मेणकापड कुठे, पाणी किती कोमट, उजव्या हाताला ओढायचे नाही, आधी गुडघा मोडायचा. मी मान हलवत होतो. हेडमास्तर म्हणाले, तुम्ही निर्धास्त जा. शेजारीण तिला गाडीतून घेऊन गेली.

नऊपर्यंत सगळे उत्तम होते, कारण भाऊजी झोपले होते. सव्वानऊला वास आला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघांनीही आदर म्हणून दुसऱ्याला पुढे जाऊ दिले. शेवटी मी पांघरूण काढले. काय दिसले ते लिहीत नाही, ज्यांनी हे केले आहे त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी केले नाही ते आमच्यासारखेच आहेत. हेडमास्तरांनी भाऊजींना बसते करायचे म्हणून त्यांचा हात धरून ओढला. उजवा हात. भाऊजी ओरडले, “बरं! बरं! बरं!” मी दुसऱ्या बाजूने ढकलायला गेलो, मेणकापड सरकले, आणि तो नव्वद किलोंचा माणूस कंबरेपासून खाली पलंगाबाहेर आला. मी गुडघा लावून त्यांना अडवले. हातमोजे आणतो असे सांगून हेडमास्तर स्वयंपाकघरात गेले. मी तसाच हाका मारत राहिलो. आत ते फोनवर बोलताना ऐकू येत होते. थोड्या वेळाने फोन लाउडस्पीकरवर टाकून दारातून माझ्याकडे धरला. पलीकडून पाळकसाहेब आमच्यासाठी प्रार्थना करत होते. आवाज अगदी स्पष्ट येत होता.

मी म्हणालो, प्रार्थना बंद करा आणि ताईला लावा.

ती ऑपरेशनच्या रांगेत दुसरी होती. हिरवा झगा घातलेला, डोळ्यात थेंब टाकलेले. चाळीस मिनिटांनी दारात उभी राहिली. तेवढा वेळ मी गुडघा लावून होतो, आणि भाऊजी माझ्याकडे पाहत होते, सुतार वाकडी चौकट पाहतो तसे. ताईने बाह्या सारल्या. मला म्हणाली, सरक. त्यांचे पाय पलंगावर घेतले, डावा गुडघा मोडला, एक हात खांद्याला, एक कंबरेला, आणि स्वतःचे अंग मागे टाकले. ते वळले. एखादे मोठे पुस्तक उलटावे इतके सहज. मळकी चादर लांबीने गुंडाळून पाठीखाली सारली, तिच्या पाठोपाठ स्वच्छ चादर, मग पलीकडून दोन्ही ओढून घेतल्या. “झालं हं, झालं,” ती त्यांना म्हणत होती. सगळे सात मिनिटांत. डोळ्यातून थेंबांचे पाणी गालावर येत होते, ते तिने खांद्याला पुसले.

मग तिने हेडमास्तरांना विचारले की चहा घेतला का. त्यांनी तो घेतला, हे मी मुद्दाम नोंदवतो.

ते गेल्यावर मी दाराशी उभा होतो. काही बोलायला हवे म्हणून म्हटले, डॉक्टरांना फोन करू, उद्याची वेळ मिळेल. ती म्हणाली, डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात, पुढची यादी भरलीय, सात आठवड्यांनी म्हणाले. मग ती भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली.

“तुला जमणार नाही हे मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “पण छापलेलं इतकं छान होतं ना, मला वाटलं, असेल काहीतरी.”

तिला रागावता आले असते. ती रागावली नाही, याचा मला आजवर राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी पत्र घेऊन संस्थेच्या जागेत गेलो. मसुदा होता तसाच, बैठकीच्या वहीतून उतरवून काढलेला, एकही अक्षर न बदलता. हेडमास्तरांनी न वाचता सही केली, त्यांची मान आदल्या दिवसापासून जरा आखडली होती. पाळकसाहेबांनी तर विचारले, सही आधीच झाली नव्हती का? संस्थेची जागा म्हणजे एका दुकानाच्या मागची खोली, तीत दवाखान्यातला एक जुना पलंग. पूरकरावांनी पत्र हातात घेऊन तिथेही सांगितले की आम्ही पर्याय नाही. मी त्यांना थांबवले नाही. त्या माणसाला बोलायची हौस आहे, पण त्या खोलीतल्या चादरी तो स्वतः धुतो, हे मी नंतर पाहिले.

सिस्टरने मला माझे ते पदवीचे वाक्य ऐकवले नाही. ती पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, वळवा. मी खांदा धरून ढकलले. ती म्हणाली, मी दगड आहे का? पुन्हा. त्या संध्याकाळी मी तिला एकोणीस वेळा वळवले. एकविसाव्या दिवशी ती भाऊजींच्या घरी आली आणि मला म्हणाली, आता यांना.

मंडळीतून शिकायला आम्ही चौघे आलो. गायनवृंदातल्या दोघी बहिणी, मंदिर झाडणारा माणूस आणि मी. वडील मंडळातून मी एकटा. चाळीसातले बाकीचे म्हणाले, आम्ही प्रार्थनेने साथ देतो. हेडमास्तरांनी एका रविवारी व्यासपीठावरून जाहीर केले की आपल्या मंडळीने एका होतकरू संस्थेला आधार दिला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमचा तर सुंभही जळला नव्हता, जळले ते ताईचे.

सात आठवडे थांबल्याने काय झाले ते डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवले. डाव्या डोळ्याच्या नजरेचे वर्तुळ, त्यातला बाहेरचा जवळजवळ अर्धा भाग काळा. आधीच्या कागदावर तो चतकोर होता. तेवढे आता गेले ते गेले. ताई हल्ली डाव्या बाजूने दारावर आपटते. डावीकडून कुणी आले तर दचकते. मी तिच्याकडे जाताना उजवीकडून जातो, आणि त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साडेसातला मी आणि सिस्टर घरी होतो. नऊला भाऊजींचे अंग पुसायची वेळ झाली. सिस्टर स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली, वर्तमानपत्र उघडले आणि उठली नाही. मी गुडघा मोडला, खांदा धरला, कंबर धरली, अंग मागे टाकले. चादर बदलली. त्यांची पाठ पुसली, पावडर लावली, टाचांखाली उशी दिली. मला सात नाही, सव्वीस मिनिटे लागली. भाऊजींनी एकदाही तोंड वाकडे केले नाही. सिस्टर दारात येऊन एक नजर टाकून परत गेली आणि तिने पान उलटल्याचा आवाज आला.

साडेअकराला फोन वाजला. ऑपरेशन नीट झाले होते. डोळ्यावर पट्टी होती, म्हणून वॉर्डातल्या बाईने नंबर लावून फोन तिच्या कानाला धरला होता.

“घरी कोण आहे?” ताईने विचारले.

“मी आहे,” मी म्हणालो.

तिकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होते, त्याचा आवाज येत होता.

“मी येऊ का?” ती म्हणाली. “विचारते यांना, सोडतात का.”

“सिस्टरही आहेत.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि फोन काढून घ्यायला त्या बाईला सांगितले.